फडताळाचं कुलूप आणि एक गळालेलं अक्षर

शास्त्राच्या_बाई

परवा नववीला मेंडेलचे वाटाणे शिकवत होते. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, जाडपणा प्रभावी असतोय का अप्रभावी?" वर्ग हसला, कारण सगळ्यांच्या नजरा तिसऱ्या रांगेतल्या एका पोरावर गेल्या होत्या. मी "पुढच्या तासाला बघू" म्हणून टोलवलं. तो पुढचा तास होऊन गेला, उत्तर काही दिलेलं नाही. इथं लिहून बघते, जमलं तर वर्गात सांगेन.

माझी धाकटी बहीण १९७५ ची. सोलापूरच्या पूर्व भागात आमचं दोन खोल्यांचं घर. वडील यंत्रमागावर चादरी काढायचे, आई विड्या वळायची. घरात तेलुगू, उंबऱ्याबाहेर मराठी. लग्नाआधी आई-वडिलांचं नातं भाची आणि मामाचं. आमच्या गल्लीत ही सांगायची गोष्टसुद्धा नव्हती, शेजारीपाजारी तेच.

धाकटी जन्मली तेव्हा चार बाळांसारखीच होती. चौथ्या-पाचव्या महिन्यापासून तिची भूक लागली ती लागलीच. पाजून खाली ठेवलं की पुन्हा टाहो. सहा वर्षांची असताना वडिलांनी तिला कारखान्यातल्या सुताच्या काट्यावर बसवलं, ४७ किलो भरली. हमालांनी टाळ्या वाजवल्या. तीही हसली, कारण एकानं तिच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला होता.

मग फडताळाला कुलूप आलं. किल्ली आईच्या कमरेला. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळायला बसली की ती किल्ली सुपाच्या काठावर वाजायची. आवाज थांबला म्हणजे आई उठली, हे धाकटीला पाठ झालं होतं. शेजारी हातमाग होता, त्यांच्याकडे सुताला लावायची खळ पातेल्यात निवत ठेवलेली असायची. एका दुपारी ती त्या पातेल्यात कोपरापर्यंत हात घालून बसलेली सापडली. तोंडाभोवती खळ वाळून पांढरे पापुद्रे धरले होते. आईनं तिला मारलं. गल्लीनं आधी "लाडावून ठेवलंय" म्हणून आईलाच बोल लावला आणि नंतर "पोरीला उपाशी मारते" म्हणून. एका डॉक्टरांनी न तपासता सांगितलं, "खाणं आवरा." कुणाचं, कसं, ते सांगितलं नाही.

१९८९ च्या पावसाळ्यात न्यूमोनिया झाला. चौदा वर्षांची होती.

आता खरी गोष्ट. स्टीफन ओ'राहिली नावाचे एक डॉक्टर आहेत (आडनाव मराठी वाटतं, माणूस आयर्लंडचा). शिक्षण डब्लिनला, नंतर बहुतेक काम केंब्रिजमध्ये. शरीर साखर आणि चरबी कशी वापरतं, साठवतं, आणि त्यात जनुकांचा हात किती, हा त्यांचा विषय. १९९७ मध्ये त्यांच्या गटानं दोन मुलांबद्दल लिहिलं. चुलत-मावस नात्यातली भावंडं, मूळ पाकिस्तानी कुटुंबातली, आणि घराण्यात पिढ्यान् पिढ्या नात्यातली लग्नं. मुलगी ८ वर्षांची, वजन ८६ किलो. मुलगा २ वर्षांचा, २९ किलो. जन्माच्या वेळी दोघांची वजनं सर्वसाधारण. हे वाचताना मला सुताचा काटा दिसला.

दोघांच्या रक्तात लेप्टिन जवळजवळ नव्हतंच. लेप्टिन हे चरबीच्या पेशींतून निघणारं संप्रेरक. कोठारात माल किती आहे हे ते मेंदूला कळवतं. या मुलांमध्ये लेप्टिनच्या जनुकातलं एक अक्षर, एक 'जी', गळालेलं होतं. एक अक्षर गळालं की पुढचं सगळं वाचन सरकतं, प्रथिन अर्धवट तयार होतं आणि पेशीबाहेर पडतच नाही. अंगावर चरबीचे थर, आणि मेंदूला मात्र निरोप हाच की कोठार रिकामं आहे, उपासमार चालली आहे, मिळेल ते खा.

जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. दोन्ही बिघडलेल्या असतील तरच हे होतं. म्हणजे अप्रभावी. आई-बापाकडे एकेक बिघडलेली प्रत असते, त्यांना स्वतःला हा आजार होत नाही. मी पंचवीस वर्षं फळ्यावर हाच चौकोन काढतेय.

मग ओ'राहिली आणि त्यांच्या सहकारी सदफ फारूकी यांनी त्या मुलीला लेप्टिनची इंजेक्शनं सुरू केली. १९९९ मध्ये निकाल छापला. वर्षभरात १६ किलो उतरले, जवळपास सगळी चरबीच. मला मात्र वजनापेक्षा दुसरी गोष्ट लागून राहिली. वजन उतरायच्या कितीतरी आधी भूक उतरली होती. मूल जेवायचं आणि ताटावरून उठायचं. त्याला कुणी शिस्त लावली नव्हती, आईनं मारलं नव्हतं, कुलूप नव्हतं.

धाकटीला हेच होतं असं मी म्हणत नाही. तपासलंच नाही, तपासणार तरी काय? लेप्टिन सापडलं १९९४ मध्ये. तिच्यानंतर पाच वर्षांनी.

---

जुनी_मिल

बाई, सकाळी चहा घेत वाचलालो, चहा थंड झाला. सुताचा काटा म्हणल्यावर कळलं तुमचा भाग कुठला ते. आमच्या खात्यात एक जॉबर होता, त्याचं पोरगं असंच. आम्ही त्याला 'गाठोडं' म्हणायचो. बापासमोर म्हणायचो बे. बाप पण हसायचा. आता कुठं असंल काय की.

---

रोखठोक

लेख चांगला आहे, पण एक सांगतो, राग मानू नका. आता जो तो उठून म्हणणार, माझ्या जनुकातच आहे, आणि भज्यांचा घाणा काढायला लावणार. तीस वर्षांत सोलापूरकरांची जनुकं बदलली का? नाही. मग पोटं कुठून आली? हॉटेलं वाढली, चालणं गेलं. शेजारच्या गल्लीत जायचं तरी लोक गाडीला किक मारतात.

---

शास्त्राच्या_बाई

@रोखठोक, राग कशाला. तुमचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. गाव जाड का झालं, याचं उत्तर जनुकांत नाही. पण त्याच गल्लीत, त्याच भज्यांच्या गाड्यावर, एकाचं पोट सुटतं आणि दुसरा काटकुळाच राहतो, ते का? डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या मुलांची पाहणी झाली होती, १९८६ मध्ये छापून आली. मोठेपणी त्यांचे बांधे जन्मदात्यांशी जुळले. ज्यांच्या ताटात वाढले त्यांच्याशी नाही.

आणि भूक नावाची गोष्ट सगळ्यांना सारखीच लागते असं आपण धरून चालतो ना, तिथंच गडबड आहे. ज्याला चार घासांत पोट भरल्यासारखं वाटतं तो संयमी ठरतो. त्यानं संयम केलेला असतोच असं नाही.

---

कडक_भाकरी

मला एक कळलं नाही ताई. हे लेप्टिन एवढं गुणकारी आहे तर इंजेक्शन आपल्याला का देत नाहीत? मी ९४ किलो आहे, द्या म्हणावं.

---

शास्त्राच्या_बाई

तुमच्या रक्तात ते आधीच भरपूर असणार, म्हणून! चरबी जास्त तर लेप्टिन जास्त. साध्या जाडपणात निरोप जातोय, पण मेंदू तो मनावर घेत नाही. १९९४ नंतर कंपन्यांना वाटलं होतं की जगाचा जाडपणा संपला. मोठ्या चाचण्या झाल्या आणि फुसका बार निघाला.

यामागची उंदरांची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकेत मेन राज्यातल्या जॅक्सन प्रयोगशाळेत १९४९ च्या सुमारास उंदरांच्या पिल्लांत एक भलतंच लठ्ठ पिल्लू निघालं. आधी वाटलं गाभण आहे. नंतर दुसऱ्या एका जातीचा लठ्ठ आणि मधुमेही उंदीर सापडला. डग्लस कोलमन यांनी काय केलं, दोन दोन उंदरांची कातडी शिवून त्यांचं रक्त एकमेकांत फिरेल असं केलं. पहिला लठ्ठ उंदीर त्या मधुमेही उंदराला जोडला, तर पहिल्यानं खाणंच सोडलं आणि तो उपाशी मेला. मधुमेही मात्र होता तसाच.

कोलमननी ताडलं की मधुमेहीच्या रक्तात 'पुरे' सांगणारं काहीतरी भरपूर आहे, पण त्याचं त्यालाच ऐकू येत नाही. पहिल्याला ऐकू येतं, पण त्याच्याकडे ते बनत नाही. एकाची टपाल पेटी फुटलेली, दुसऱ्याकडे पोस्टमनच नाही. कोलमननी हे सत्तरच्या दशकात मांडलं, आणि ते 'काहीतरी' जेफ्री फ्रीडमन यांनी न्यूयॉर्कमध्ये १९९४ ला शोधून काढलं. तेच लेप्टिन. तरी पुष्कळ जण म्हणत राहिले की उंदराचं उंदरापाशी, माणसाचं वेगळं. त्या दोन भावंडांनी ते तोंड बंद केलं.

---

बालरोग_निवासी

मी शासकीय रुग्णालयात बालरोग विभागात आहे, थोडी भर घालतो. मॅडमनी लिहिलेलं बरोबर आहे, पण वाचून प्रत्येक गुटगुटीत मुलाला केंब्रिजला न्यायला निघू नका. लेप्टिनचा जन्मजात अभाव अतिशय दुर्मिळ. जगात अशी कुटुंबं मोजकीच सापडली आहेत, पण आपल्या उपखंडातली आणि नात्यात लग्नं होणारी त्यांत बरीच.

त्यापेक्षा कितीतरी जास्त आढळतं ते एमसीफोरआर नावाच्या जनुकातलं वैगुण्य. लेप्टिनचा निरोप मेंदूत पुढे नेणाऱ्या साखळीतला तो एक टप्पा. १९९८ मध्ये ओ'राहिलींच्या गटानं आणि फ्रान्समधल्या एका गटानं ते एकाच वेळी दाखवलं. लहानपणापासून अति लठ्ठ असणाऱ्या मुलांत शंभरातल्या सुमारे पाचांत ते सापडलं. यात एक प्रत बिघडली तरी पुरते, त्यामुळे आई किंवा वडीलही बहुधा जाड असतात. ही मुलं वयाच्या मानानं उंच वाढतात. उलट, मूल जाड होतंय आणि उंची खुंटलीय, तर आधी थायरॉइड वगैरे बघायचं.

मॅडम, न्यूमोनियाचा उल्लेख वाचून थांबलो. लेप्टिन नसलेल्या मुलांची प्रतिकारशक्तीही अधू असते. तुर्कस्तानातल्या अशा एका कुटुंबात कितीतरी लठ्ठ मुलं लहानपणीच जंतुसंसर्गानं गेली होती. यावरून निदान होत नाही, हे मीही मान्य करतो. पण तुम्हाला ठाऊक असावं म्हणून लिहिलं.

---

शास्त्राच्या_बाई

हे मला माहीत नव्हतं. आई मरेपर्यंत म्हणायची, मी त्या दिवशी तिला पावसात बाहेर पाठवायला नको होतं.

---

मेनरिकम

नवीन आयडी काढलाय, नाव विचारू नका. आमच्याकडे मेनरिकम म्हणतात, मामाचा किंवा आत्याचा मुलगा करायची पद्धत. माझं सख्ख्या मामाशी ठरवलालेत. मामा चांगला आहे, लहानपणापासून बघतेय. गड्डा यात्रेनंतर साखरपुडा. धागा वाचून झोप उडाली. असं मूल होतंच का?

---

बालरोग_निवासी

होतंच असं नाही, मुळीच नाही. हिशेब असा. मामा-भाचीची एक चतुर्थांश जनुकं एकाच मुळातून आलेली असतात. मामेबहीण-आतेभाऊ असतील तर एक अष्टमांश. घराण्यात एखादी बिघडलेली प्रत फिरत असेल तर ती दोघांकडे असण्याची शक्यता परक्या जोडप्यापेक्षा वाढते, आणि दोघांकडे असली तर दर बाळंतपणात चारात एक. घराण्यात नसेलच तर त्या रोगापुरता प्रश्नच येत नाही. अडचण ही की असं काय काय फिरतंय ते आधी कळत नाही.

घरात कुणी लहानपणी गेलेलं, मुकं-बहिरं, मतिमंद, असं काही असेल तर ते नीट आठवून लिहून काढा आणि साखरपुड्याआधी जनुकीय सल्ला देणाऱ्या डॉक्टरांना भेटा. लग्न मोडा असं मी म्हणत नाही. ते ठरवणारा मी कोण.

---

रोखठोक

आणि मुली, तुझी मर्जी आहे का नाही हे पण कुणाला तरी सांग. जनुकं राहू देत बाजूला.

---

मेनरिकम

हो काका.

---

डोहाळे_नाही_उलट्या

विषय थोडा सोडून, पण याच ओ'राहिलींबद्दल आहे. मला दोन्ही वेळेला पाचव्या महिन्यापर्यंत भयंकर उलट्या झाल्या. एकदा सलाइनवर होते. सासूबाई म्हणायच्या, नखरे. आमच्या वेळी आम्ही नवव्या महिन्यात ज्वारी काढायचो. डिसेंबर २०२३ मध्ये यांच्या आणि अमेरिकेतल्या मार्लेना फेझो यांच्या गटाचं संशोधन आलं. जीडीएफ१५ नावाचं संप्रेरक बाळाकडून, वारेतून आईच्या रक्तात येतं आणि मळमळ त्यानं होते. ज्या बाईच्या अंगात ते आधीपासून कमी असतं, तिला गरोदरपणी ते एकदम अंगावर येतं आणि ती बेजार होते. थॅलसेमिया (रक्ताचा एक आनुवंशिक आजार) असलेल्या बायकांत ते कायमच जास्त असतं, तर त्यांना उलट्यांचा त्रास फारसा होतच नाही. फेझोबाईंना स्वतःलाच हा त्रास इतका झाला होता की त्यात बाळ गेलं, म्हणून त्या या विषयाच्या मागे लागल्या.

मी ती बातमी छापून स्वयंपाकघरात फ्रिजला लावली. सासूबाईंनी वाचली. काही बोलल्या नाहीत, पण त्या संध्याकाळी चहा त्यांनी केला.

---

जुनी_मिल

चहा केला म्हणजे निकाल लागला बे!

---

पुण्यातला_सोलापूरकर

धागा पाश्चात्त्य संशोधनावरच चाललाय म्हणून घरचं सांगतो. आपल्याकडे वजनापेक्षा साखरेचा प्रश्न मोठा, आणि बारीक माणसांना साखर. माझे वडील ५८ किलोचे, विजापूर रोडवरून रोज संभाजी तलावापर्यंत चालत जाणारे, आणि ४२ व्या वर्षी मधुमेह. पुण्यात केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून आसपासच्या खेड्यांतल्या गरोदर बायका आणि मग त्यांची मुलं, वर्षानुवर्षं पाहिली. आपली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीनची. पण आपल्या बाळांची चरबी काही त्या मानानं कमी नाही. कमी असतात ते स्नायू. किडकिडीत दिसणारं बाळ आतून चरबीचं.

त्यांचा एक फोटो प्रसिद्ध आहे, २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज मित्र जॉन युडकिन शेजारी शेजारी. उंचीच्या मानानं वजन दोघांचं सारखं, बीएमआय २२.३. अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. दोघांच्या अंगावर सदरेच आहेत, बघून काही कळत नाही.

तेव्हा नुसत्या जनुकांवर नको, आईच्या पोटात काय मिळालं त्यावरही बोला. याज्ञिकांच्या मुलांत असंही दिसलं की गरोदरपणी आईला बी-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट (फॉलिक ॲसिड) जास्त असेल तर मुलाच्या अंगात सहाव्या वर्षीच इन्सुलिन नीट लागू पडत नाही.

---

शास्त्राच्या_बाई

हे हवंच होतं, धन्यवाद. फक्त एक भीती वाटते. 'आईच्या पोटात' म्हणलं की बोट पुन्हा आईकडेच जातं. कुणी म्हणायला नको, तू बी-१२ खाल्लं नाहीस. विड्या वळून हजारी पुरी करणाऱ्या बाईला दूध-अंडी कुठून.

बोटावरून आठवलं. फारूकींच्या गटाला २००९ मध्ये सोळाव्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेली अति लठ्ठ मुलं सापडली. त्यातल्या काहींच्या आई-बापांवर तिथल्या समाजकल्याण खात्यानं ठपका ठेवला होता, की हे मुद्दाम कोंबून खायला घालतात. मुलं 'धोक्यात' म्हणून नोंदवली होती. कारण जनुकात निघाल्यावर ती नावं काढून टाकली. आमच्या गल्लीत नोंदवही नव्हती, सगळं तोंडीच होतं, त्यामुळे काढून टाकायलाही काही नाही.

आणि २००७ चा त्यांचा प्रयोग. लेप्टिन नसलेल्या दोन किशोरवयीन मुलांना मेंदूच्या स्कॅनमध्ये झोपवून पदार्थांचे फोटो दाखवले. औषधाआधी पोटभर जेवण झालेलं असतानाही जवळजवळ प्रत्येक पदार्थ त्यांना हवासा वाटायचा. सात दिवसांच्या लेप्टिननंतर जेवण झाल्यावर फोटो नुसते फोटो राहिले. धाकटीला ती खळ चवीची लागत असणार. मी एकदा जिभेला लावून बघितली होती, थुंकून टाकली.

---

कडक_भाकरी

ताई, मघाशी ९४ किलोची थट्टा केली त्याबद्दल वाईट वाटतंय. खरं म्हणजे विचारायचं होतं ते वेगळंच. माझ्या मेव्हण्याचा मुलगा, अक्कलकोटजवळ राहतात. तीन वर्षांचा, ३१ किलो. रात्री उठून देवापुढचं खोबरं खातो. मेव्हणा आणि त्याची बायको मामे-आते भावंडं. घरात सगळे म्हणतात मोठा झाला की उतरेल.

---

बालरोग_निवासी

तीन वर्षांत ३१ किलो म्हणजे 'उतरेल' म्हणून थांबायचं नाही. आधी इथंच दाखवा, थायरॉइड आणि बाकीच्या तपासण्या होऊ देत. जन्मापासूनच्या वजनाच्या नोंदी, अंगणवाडीचं कार्डसुद्धा, सोबत ठेवा. पुढे लेप्टिनची रक्ततपासणी आणि जनुकीय तपासणी पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेत होते. लेप्टिनचाच अभाव निघाला तर औषध आहे. साखळीतल्या पुढच्या काही बिघाडांवर २०२० पासून अमेरिकेत सेटमेलॅनोटाइड नावाचं औषध मंजूर आहे. पण मिळणं आणि परवडणं हे दोन वेगळे डोंगर आहेत, खोटी आशा देत नाही. काहीच नाही निघालं तरी चालेल, तपासून काही नाही निघणं हेही कळणंच आहे.

---

शास्त्राच्या_बाई

@कडक_भाकरी, मुलाच्या आईचा नंबर मला निरोपातून पाठवा, इथं टाकू नका. पुण्याला जायची वेळ आली तर मी येते बरोबर, सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं. रविवार सोडून कुठलाही वार सांगा, रजा शिल्लक आहेत. आणि तिला एवढं विचारा, घरात कपाटाला कुलूप लावलंय का. लावलं असेल तर रागावू नका तिच्यावर, काढायलाही सांगू नका इतक्यात. नुसतं विचारा.

---

कडक_भाकरी

विचारलं आत्ता फोनवर. आधी गप्प बसली. मग म्हणाली, दोन आहेत.